मुंगळ्याची जाति कशी ओळखावी?

वळवाच्या पहिल्या सरीनंतर जुन्या घरांतून एक देखावा हमखास दिसतो. ओसरीवरील लांकडी खांबाच्या बुडाशीं काळ्या मुंगळ्यांची रांग लागते. कांहीं वर चढतात, कांहीं उतरतात, आणि खांब व जोतें यांच्यामधील फटींत एकामागून एक दिसेनासे होतात. खांबावर बोटाच्या पेरानें वाजवून पाहावें, तर आवाज पोकळ येतो. घरधनी चिंतेंत पडतो. घरांतील शिकलेला मुलगा कपाटांतून प्राणिशास्त्राचें इंग्रजी पुस्तक काढतो, मुंगळ्यासारखें चित्र शोधतो, आणि त्याखालीं छापलेलें नांव मोठ्यानें वाचतो : 'कार्पेंटर अँट', म्हणजे सुतार-मुंगी, लांकूड कोरून त्यांत घर करणारी. तेवढ्यावर निकाल लागतो. रांगेवर रॉकेल ओतलें जातें, फट सिमेंटनें बुजविली जाते, आणि घर निश्चिंत होतें. पुढल्या वर्षीं मात्र तोच खांब अंगठ्यानें दाबला तरी आंत जातो.

या प्रसंगांत चूक कोठें झाली, हें पाहण्यासारखें आहे. पुस्तक खोटें नव्हतें आणि मुलाची नजरहि मंद नव्हती. घरोघरीं दिसणारा काळा मुंगळा, ज्याला कोठें कोठें डोंगळा असेंहि म्हणतात, तो ज्या घराण्यांत मोडतो त्या घराण्याला इंग्रजींत 'सुतार-मुंग्या' हेंच नांव आहे. चूक झाली ती नांवावरून धंदा ठरविण्यांत, आणि धंद्यावरून गुन्हेगार ठरविण्यांत. व्यवहारांत 'जात' हा शब्द धंद्याला चिकटलेला आहे; प्राणिशास्त्रांतील 'जाति' तशी नाहीं. ती शरीराच्या घडणीवर आणि वंशाच्या नात्यावर उभी असते. मुंगळ्याची जाति शास्त्रज्ञ कशी ठरवितात हें एकदां समजलें, म्हणजे खांबाचा खरा वैरी कोण हेंहि आपोआप समजतें.

प्रथम नांवाचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. स्वीडनमधील लिनीयस यानें १७५८ सालीं प्राण्यांना दोन पदांचीं नांवें देण्याची पद्धति घालून दिली. त्यांतील पहिलें पद प्रजातीचें म्हणजे घराण्याचें, आणि दुसरें त्या घराण्यांतील जातीचें. लिनीयसच्या लेखीं जगांतील साऱ्या मुंग्या 'फॉर्मिका' या एकाच प्रजातींतील होत्या. त्याचा शिष्य, डेन्मार्कचा फाब्रिसियस, यानें १७८७ सालीं हिंदुस्थानांतील या काळ्या मुंगळ्याचें वर्णन छापलें व त्याला 'फॉर्मिका कॉम्प्रेसा' असें नांव दिलें. पुढें देशोदेशींचे इतके नमुने युरोपांतील संग्रहालयांत येऊन पडले, कीं ते एका घराण्यांत मावेनात. तेव्हां १८६१ सालीं ऑस्ट्रियाच्या गुस्टाव्ह मायर यानें एक नवी प्रजाति वेगळी काढली आणि तिला 'कॅम्पोनोटस' हें नांव दिलें. मुंगळा या घराण्यांत आला तेव्हां त्याचें नांव 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस' असें झालें. प्रजातीचें लिंग बदललें, म्हणून लॅटिन व्याकरणाप्रमाणें जातीच्या नांवाचें शेपूटहि बदललें. शास्त्रीय ग्रंथांतून या नांवापुढें फाब्रिसियसचें नांव कंसांत घालतात. तो कंस निरर्थक नाहीं. या जातीचें पहिलें वर्णन फाब्रिसियसचें, परंतु तिचें घराणें मागाहून बदललें, एवढी हकीकत त्या दोन वक्र रेघांत सांठविलेली असते.

'कॅम्पोनोटस' हा शब्द ग्रीक धातूंवरून बनविलेला असून त्याचा अर्थ 'वांकलेली पाठ' असा आहे. म्हणजे शास्त्रीय नांव देणाऱ्यानें पाठ पाहिली, आणि लौकिक इंग्रजी नांव देणाऱ्यानें धंदा पाहिला. हें लौकिक नांव थंड देशांतून आलें. उत्तर अमेरिकेंतील 'कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हानिकस' किंवा युरोपांतील 'कॅम्पोनोटस हर्क्युलिएनस' या मुंग्या ओलाव्यानें नरम पडलेल्या लांकडांत गुळगुळीत दालनें कोरून राहतात. त्या लांकूड खात मात्र नाहींत. कोरलेला भुसा त्या बाहेर आणून टाकतात, आणि त्या भुशाच्या ढिगावरूनच तेथील घरमालकांना त्यांचा सुगावा लागतो. परंतु या प्रजातींत आज हजाराहून अधिक जाति गणल्या जातात, आणि त्यांतील पुष्कळ जातींना सुतारकामाशीं कर्तव्य नाहीं. हिंदुस्थानांतील काळा मुंगळा हा त्यांपैकींच होय. तो बहुधा जमिनींत, झाडाच्या बुंध्याशीं माती उकरून घर करतो. सुताराच्या घराण्यांत जन्मून ज्यानें कधीं रंधा हातीं धरला नाहीं, अशापैकीं तो आहे.

आतां ओळखण्याच्या रीतीकडे वळावें. त्यासाठीं एक साधें भिंग, स्पिरिटची लहान कुपी आणि थोडा धीर एवढें साहित्य पुरतें. पहिला प्रश्न असा कीं, समोरचा किडा मुंगी आहे कीं वाळवी? वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणण्याचा प्रघात आहे, पण ती मुंगीच नव्हे. तिचें नातें झुरळाशीं आहे, तर मुंगीचें गांधीलमाशीशीं. मुंगीची कंबर अत्यंत बारीक असते. वाळवीला कंबरच नसते, छाती आणि पोट सरळ एकमेकांस जोडलेलें असतें. मुंगीच्या मिशा, ज्यांना शास्त्रांत स्पर्शिका म्हणतात, कोपरांत मोडल्यासारख्या वांकलेल्या असतात. वाळवीच्या मिशा बारीक मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. पावसाच्या आरंभीं दिव्याभोंवतीं पंखवाले किडे जमतात तेव्हां ही पारख विशेष उपयोगी पडते. वाळवीचे चारहि पंख लांबीनें सारखे असतात आणि सहज गळून जमिनीवर त्यांचा सडा पडतो. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात.

मुंगी ठरली, तर दुसरा प्रश्न कमरेचा. मुंगीच्या कमरेवर एक किंवा दोन गांठी असतात. ज्यांचा डंख झोंबतो अशा पुष्कळ लहान तांबड्या मुंग्यांना दोन गांठी असतात. मुंगळ्याला एकच गांठ असते, आणि ती उभ्या खवल्यासारखी दिसते. त्यानंतर पोटाचें टोंक पाहावें. तेथें डंख नसून एक बारीक वाटोळें छिद्र असतें व त्याच्या कडेला केंसांची झालर असते. या छिद्रांतून मुंगळा फॉर्मिक आम्ल फेंकतो. मुंगळा चावला म्हणजे आग होते ती या आम्लानें. जबड्यानें कातडी कातरून, पोट पुढें वळवून, तो तें जखमेंत सोडतो. एक गांठ आणि झालरीचें छिद्र हीं दोन लक्षणें जुळलीं, म्हणजे मुंगीचें उपकुल ठरलें. पश्चिम घाटांत व इतरत्र 'डायाकामा' नांवाची एक मोठी काळी मुंगी सांपडते. घाईंत पाहणाऱ्यास ती मुंगळाच वाटते, आणि तिच्याहि कमरेला एकच गांठ असते. पण त्या गांठीवर दोन कांटे असतात, सर्वांगावर रेघारेघांची नक्षी असते, आणि पोटाच्या टोंकाला खराखुरा डंख असतो. रंग आणि आकार यांवर विसंबणाऱ्यास तो डंखच धडा शिकवितो.

तिसरा प्रश्न प्रजातीचा, आणि येथें मायरनें पाहिलेली पाठ कामास येते. मुंगळा बाजूनें पाहिला असतां मानेपासून छातीच्या शेवटापर्यंत पाठीची रेषा एका सलग कमानीसारखी दिसते. मध्यें खांच किंवा पायरी नसते. सर्व जातींत ही कमान सारखीच रेखीव नसते, म्हणून तिच्या जोडीला आणखी लक्षणें पाहावीं लागतात. कामकरी मुंगळ्याची मिशी बारा पेरांची असते. तिचें मूळ जबड्याच्या वर असलेल्या ढालीसारख्या पट्टीच्या कडेला चिकटलेलें नसतें, तर तिच्यापासून थोडें मागें सरकलेलें असतें. ही अगदीं लहान गोष्ट आहे, पण पुष्कळ काळ्या मुंग्यांतून मुंगळ्याचें घराणें वेगळें काढण्यास ती फार उपयोगी पडते. पाठीवर कांटे नसतात. कांटे असले तर ती 'पॉलिरॅकिस' या शेजारच्या प्रजातीची मुंगी. शिवाय बहुतेक मुंग्यांच्या छातीच्या मागील बाजूस एका ग्रंथीचें तोंड असतें व तिच्या रसानें रोगजंतूंचें निवारण होतें. कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींत ती ग्रंथि लोपली आहे. एखादी वस्तु नसणें हीसुद्धां ओळख होऊं शकते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

येथपर्यंत पोंचलेला अभ्यासक बहुधा एका ठिकाणीं फसतो, आणि तें ठिकाण म्हणजे आकार. एकाच वारुळांतील मुंगळे सारखे नसतात. लहानांत लहान कामकरी पाव इंचाहून थोडा अधिक, तर मोठ्यांत मोठा अर्ध्या इंचाहून अधिक लांब असतो. लहानाचें डोकें अरुंद व लांबट, मोठ्याचें रुंद, मागच्या बाजूस मध्यें दबलेलें आणि जबडे जाड. या दोघांना शेजारीं ठेवलें तर कोणीहि त्या दोन जाति म्हणेल. प्रत्यक्षांत त्या एकाच आईच्या लेकी असतात. मराठींत मुंगळा पुल्लिंगी असला, तरी रांगेंत चालणारे सारे मुंगळे माद्याच असतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. नर फक्त पंखवाले असतात; त्यांचें डोकें लहान आणि आयुष्य थोडें. राणी सर्वांत मोठी. तिच्या व नराच्या कपाळावर तीन साधे डोळे असतात, ते कामकऱ्यांना नसतात. जुन्या काळीं संग्राहकाकडून एकेक सुटी मुंगी येई आणि विद्वान् ती टांचणीवर पाहून नांव देत. त्यामुळें एकाच जातीला दोन-तीन नांवें पडल्याचीं उदाहरणें मुंगीशास्त्रांत थोडीं नाहींत. म्हणून नियम असा, कीं एका मुंगळ्यावरून निर्णय करूं नये. एकाच वारुळांतील लहान, मधले व मोठे असे अनेक नमुने घ्यावे, आणि कुपींत गांव, तारीख व झाडाचें नांव लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीवांचून नमुना म्हणजे पत्त्यावांचून पत्र.

प्रजाति ठरल्यावर जाति ठरवायची ती भावंडांशीं तुलना करून. या कामीं जातींचीं नांवें स्वतःच पुष्कळ सांगतात. काळा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, हा मंद काळा असून त्याच्या मिशा व पाय यांवर कमीअधिक तांबूस झांक असते. पोटावर रेशमी लव नसते. 'सेरिसियस' या नांवाचा अर्थच रेशमी. फाब्रिसियसनेंच १७९८ सालीं वर्णिलेल्या या जातीच्या पोटावर सोनेरी लवेची दाट चकाकी असते, आणि उन्हांत ती दुरूनहि ओळखूं येते. तिची चालहि निराळी असते. अन्न सांपडलें म्हणजे ती मोठी रांग लावीत नाहीं. वाट ठाऊक असलेली एक मुंगी पुढें आणि तिच्या अंगाला मिशा लावीत दुसरी मागें, अशी जोडी चालते. जर्मन संशोधकांनीं १९७४ सालीं या जोडचालीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. 'रूफोग्लॉकस' म्हणजे तांबडी-करडी, आणि 'अँगुस्टिकॉलिस' म्हणजे अरुंद मानेची. या दोन्ही जातींचें वर्णन टी. सी. जर्डन यांनीं १८५१ सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील मुंग्यांच्या यादींत केलें. अँगुस्टिकॉलिसच्या डोक्याचा मागचा भाग निमुळता होत खरोखरच मानेसारखा दिसतो. मुंगळ्याचें डोकें मागें असें निमुळतें होत नाहीं, एवढ्यावरून दोघांतील भेद स्पष्ट होतो.

या विषयांत मुंबई इलाख्याचा वाटा लहान नाहीं. येथील जंगलखात्याचे अधिकारी आर. सी. रॉटन यांनीं १८९२ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत 'आवर अँट्स' या मथळ्याचा विस्तृत लेख लिहिला. त्याच नियतकालिकांत त्याच वर्षीं स्वित्झर्लंडचे ऑग्यूस्त फोरेल यांनीं हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांवरील आपली फ्रेंच लेखमाला सुरू केली, व ती १९१३ पर्यंत चालली. फोरेल पेशानें मनोविकारांचे वैद्य, पण त्यांचा जीव मुंग्यांत गुंतलेला. पुढें सी. टी. बिंगहॅम यांनीं १९०३ सालीं हिंदुस्थानांतील मुंग्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत जाति ओळखण्याच्या किल्ल्या दिल्या आहेत. 'किल्ली' म्हणजे प्रश्नांची मालिका : गांठी एक कीं दोन? कांटे आहेत कीं नाहींत? प्रत्येक उत्तराबरोबर वाट अरुंद होत जाते आणि शेवटीं एक नांव उरतें. या ग्रंथाचा आधार अभ्यासक आजहि घेतात. भारतांत आतांपर्यंत मुंग्यांच्या आठशेंहून अधिक जाति-उपजातींची नोंद झाली आहे.

वर्गीकरण मात्र एकदां झालें म्हणजे कायमचें झालें असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं थोड्याशा रंगभेदावरून उपजाति, आणि उपजातींतहि पोटभेद करण्याची इतकी चाल पडली, कीं एका मुंगीचें नांव चार पदांचें होऊं लागलें. तें ओझें पुढें हळूहळू कमी करण्यांत आलें. अलीकडे पेशींतील जनुकद्रव्य वाचतां येऊं लागल्यापासून नात्यांचा निवाडा अधिक भक्कम पायावर होतो. २०१६ सालीं अशाच पुराव्यावरून दोन गट कॅम्पोनोटसमधून काढून त्यांचीं स्वतंत्र घराणीं पुन्हां मानण्यांत आलीं. त्यांपैकीं 'कोलोबॉप्सिस' या गटांतील पुष्कळ जातींत मोठ्या कामकऱ्यांचें डोकें बुचासारखें सपाट असतें, आणि तें लांकडांतील घराच्या दारांत बसवून ते दार बंद करतात. दुसरा गट आग्नेय आशियांतील प्रचंड अरण्य-मुंगीचा, 'डायनोमिरमेक्स' चा. या मुंगीला वर सांगितलेली छातीवरील ग्रंथि आहे, ही गोष्ट पूर्वींपासून अभ्यासकांना खटकत होती; जनुकांनीं ती शंका खरी ठरविली. काळा मुंगळा मात्र या घालमेलींतून आपल्या जागीं स्थिर राहिला आहे.

जाति ठरली, कीं तिचा स्वभाव पडताळून पाहतां येतो. काळा मुंगळा गोडाचा भोक्ता. बाभळीच्या फांद्यांवर पाठीवर शिंगें असलेले लहान रसशोषक किडे बसलेले असतात. मुंगळे त्यांची राखण करतात आणि त्यांच्या अंगांतून स्रवणारा गोड रस पितात. घोसाळ्याच्या वेलीवर फुलांबाहेरहि मधाच्या ग्रंथि असतात, तेथेंहि मुंगळ्यांची ये-जा चालते. मेलेले किडे ते ओढून नेतात, आणि घरांत साखरेचा डबा त्यांना सांपडावयास वेळ लागत नाहीं. या सबंध आहारांत लांकडाला कोठेंहि स्थान नाहीं.

आतां पुन्हां त्या ओसरीवरच्या खांबाकडे यावें. खांब पोकळ होता हें खरें, पण तो पोकळ करणारे फटीच्या बाहेर दिसत नव्हते. वाळवी उजेडांत येत नाहीं. जमिनींतून लांकडापर्यंत ती मातीच्या बारीक नळ्या बांधते आणि त्यांच्या आडोशानें जाऊन लांकूड आंतून खाते. वरचा पापुद्रा शेवटपर्यंत शाबूत राहतो. मुंगळे त्या फटींतून जोत्याखालच्या मातींतील आपल्या घरीं जात होते, आणि खांबावर चढत होते ते खाण्याच्या शोधांत. फटीच्या तोंडाशीं लांकडाचा भुसा पडला नव्हता. सुतारकामाची पहिली साक्ष तीच असते. जोत्याच्या मागील अंगाला, अडगळीआड, ओल्या मातीच्या नळ्या मात्र चढल्या होत्या, आणि त्यांकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. रॉकेल मुंगळ्यांवर पडलें आणि वाळवीला आणखी एक वर्ष मिळालें.

म्हणून खांबाशीं काळी रांग दिसली, तर रॉकेलची बाटली आणण्यापूर्वीं पांच मिनिटें भिंगाला द्यावीं. कंबर बारीक आहे कीं नाहीं, मिशा कोपरांत मोडल्या आहेत कीं सरळ आहेत, पाठीची कमान सलग आहे कीं तुटक, एवढें पाहावें. मग रांगेवरची नजर काढून जोत्याच्या चारी बाजू, दाराच्या चौकटी व भिंतींचे कोपरे तपासावे. मातीची नळी आढळली तर ती नखानें उकलावी. तिच्यांत जे पांढुरके, कंबर नसलेले, मण्यांच्या मिशांचे किडे पळतांना दिसतील, उपाय त्यांच्यावर करावा. आणि तोहि वाळवीचें काम जाणणाऱ्याकडून, कारण तिचें मूळ जमिनींत असतें. मुंगळ्यांसाठीं साखरेचा डबा घट्ट लावला तरी पुरतो.